रॉ फोटोंपासून छपाईची पीडीएफ : घरच्या मोडी कागदांचं पुस्तक करायचं आहे, मदत हवी

पिंपळपार

नमस्कार मंडळी,

वाईजवळच्या आमच्या जुन्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद सापडले. रुमालात बांधलेले, एकूण ६२. जमिनीच्या वाटण्या, उसनवारीच्या नोंदी, दोन लग्नांच्या खर्चाच्या याद्या आणि थोडी घरगुती पत्रं. कडांना कसर लागली आहे, घडीवर कागद तुटतोय. म्हणून मे महिन्यात भाच्याचा सोनीचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणून सगळ्यांचे फोटो काढले. ओसरीवर टेबल, वर उलटा बांधलेला कॅमेरा, प्रत्येक कागदाशेजारी एक स्टीलची फूटपट्टी आणि झेरॉक्सच्या कोऱ्या कागदाची पट्टी. भाचा म्हणाला रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत) काढ, म्हणून सगळे रॉमध्ये आहेत. लिप्यंतर इथल्याच मोडीवाचक सरांनी करून दिलं, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

मार्गशीर्षात आईला पंचाहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी घरच्या सगळ्यांच्या हातात ए-फोर आकाराचं पुस्तक द्यायचं आहे. डाव्या पानावर कागदाचा फोटो, समोर उजव्या पानावर त्याचं देवनागरी. ६० प्रती.

अडचण अशी की रॉ फाइल वर्डमध्ये घेता येत नाही. शोधाशोध करून एका संकेतस्थळावर सगळ्या फाइली चढवल्या, तिथून प्रत्येकीची पीडीएफ मिळाली, ती जोडून प्रेसमध्ये नेली. त्यांनी दोन पानं छापून दाखवली आणि माझा जीवच खाली बसला. स्क्रीनवर नीट दिसणारी अक्षरं कागदावर ओल्या बोटानं पुसल्यासारखी. कागदाचा मूळचा गव्हाळ रंग जाऊन चिखलासारखा झालेला. आणि डावी-उजवीकडची दोन-दोन बोटं जागा कटिंगमध्ये गेली, त्यात ओळींची सुरुवातच उडाली.

फोटो परत काढावे लागतील का? तेवढं सोडून काहीही सांगा. हे कागद आता पुन्हा उलगडायची हिंमत होत नाही.

तांबडा_दिवा

ताई, परत काढू नका. आधी एक बघा. त्या संकेतस्थळाच्या पीडीएफमधलं चित्र वेगळं काढून त्याची लांबी-रुंदी किती पिक्सेल आहे ते सांगा.

पिंपळपार

१६१६ गुणिले १०८०.

तांबडा_दिवा

मग दुखणं सापडलं. तुमचे फोटो उत्तम असणार, तुमच्या हातात आलेत ते फोटोच नव्हेत.

थोडं सविस्तर सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. रॉ फाइल म्हणजे अजून चित्र झालेलंच नसतं. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच काच असते. चारांतले दोन ठिपके हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, १९७६ च्या पेटंटची, आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. रॉमध्ये या ठिपक्यांवर पडलेल्या उजेडाची नुसती मापं असतात. शेजारच्या ठिपक्यांवरून उरलेले दोन रंग काढून चित्र जुळवणं हे काम संगणकावरच्या प्रोग्रॅमचं. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पिवळट कागदावरची विटकी शाई वाचायला याच पायऱ्या लागतात.

आता, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो लगेच दिसावा म्हणून रॉच्या पोटात एक तयार जेपीईजीही ठेवलेला असतो. काही कॅमेऱ्यांत तो पूर्ण आकाराचा असतो, तुमच्यात १६१६ चा लहान आहे. त्या संकेतस्थळानं खऱ्या मापांना हातच लावला नाही. पोटातलं ते लहान चित्र उचललं आणि पीडीएफच्या पानावर चिकटवलं.

हिशोब करा. ए-फोर पान २१० गुणिले २९७ मिलिमीटर. समास सोडून फोटोला उंची २६० मिलिमीटर, म्हणजे सव्वादहा इंच धरा. १६१६ भागिले सव्वादहा, इंचाला जेमतेम १५८ पिक्सेल. मोडीसारखी बारीक वळणाची अक्षरं त्यात फुटणारच. तुमच्या मूळ फाइलची लांब बाजू ६००० पिक्सेलची आहे. त्याच पानावर ती इंचाला ५८५ देते. छपाईला ३०० पुरतात. दुपटीच्या आसपास ऐवज तुमच्या हातात पडून आहे.

मोडीवाचक

मला हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. मी लिप्यंतर त्याच पीडीएफवरून केलं. मोठ्या लग्नाच्या यादीत बेरीज चार आण्यांनी चुकते, म्हणून "लिहिणाराची बेरीज चुकली आहे" अशी तळटीप टाकली आहे. नवी चित्रं झाली की ती यादी मला आधी पाठवा.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. वाटण्यांचे कागद, सह्या, गट-हिस्से असलं काही अनोळखी संकेतस्थळावर चढवू नका. तुमच्या घरची मालमत्ता त्यात लिहिलेली आहे.

दुसरं, रंगाबद्दल. कोणी सांगेल की कॉन्ट्रास्ट वाढवा, पार्श्वभूमी पांढरी करा, वाचायला छान दिसेल. करू नका. मोडीत लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो आणि अक्षरं तिला टांगतो, शब्दांत जागा सोडत नाही. ओळ कुठे दाट झाली, बोरू कुठे पुन्हा बुडवला, हे शाईच्या गडद-फिकटावरूनच कळतं आणि शब्द तोडताना मला त्याचाच आधार असतो. रकमांचं तर विचारूच नका. रुपयाच्या आकड्यापुढे पावल्यांच्या उभ्या रेघा असतात. तीन आणि पुढे तीन रेघा म्हणजे पावणेचार. त्यातली एक फिकट रेघ पांढरं करण्याच्या नादात उडाली की झाले साडेतीन. मागच्या बाजूची शाई पुढे उमटली असेल तीही राहू द्या.

आणि मूळ कागदांना लॅमिनेशन करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

पिंपळपार

सर, वाटण्यांचे कागद चढवले गेले खरे. त्या संकेतस्थळावर फाइली काढून टाकायची सोय होती, आत्ताच सगळ्या काढल्या. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तांबडा_दिवा, मग मी नेमकं काय करू? फोटोशॉप माझ्याकडे नाही.

तांबडा_दिवा

लागतही नाही. डार्कटेबल किंवा रॉथेरपी घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि विंडोजवर चालतात. मी डार्कटेबलवर सांगतो.

सगळ्या ६२ फाइली एका फोल्डरमधून आत घ्या. त्यातला एक चांगला, सपाट कागद निवडा आणि सगळी मेहनत त्याच्यावर करा. आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते ठरवून रंग जुळवणं. झेरॉक्सच्या कागदाची पट्टी ठेवलीत ते शहाणपणाचं, पण त्या कागदात पांढरेपणा वाढवायला निळसर चमक घातलेली असते. तिच्यावरून पांढरं धरलंत तर तुमचा जुना कागद आहे त्यापेक्षा पिवळा येईल. फोटोच्या दुकानात करडं कार्ड मिळतं. ओसरीवर त्याच जागी, त्याच वेळी, आहे त्या मांडणीत नुसत्या कार्डाचा एक फोटो काढा. कागद बाहेर काढायची गरज नाही. त्यावरून आलेला व्हाइट बॅलन्स सगळ्यांना लावा. मे महिन्याचा उजेड आणि आत्ताचा अगदी एक नसेल, पण झेरॉक्सच्या पट्टीपेक्षा खऱ्याच्या जवळ जाल.

मग एक्स्पोजर असं ठेवा की कोऱ्या पट्टीचा पांढरा रंग जळणार नाही. लेन्स करेक्शन चालू करा, नाहीतर फूटपट्टी कडेला वाकलेली दिसते. कॅमेरा थोडा तिरका राहिला असेल तर पर्स्पेक्टिव्ह सरळ करा. (पुढच्या वेळेसाठी: टेबलावर कागदाच्या जागी आरसा ठेवायचा. कॅमेऱ्यातून पाहताना लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की कॅमेरा आणि टेबल समांतर आहेत असं समजायचं.) शार्पनिंग बेतानं. अक्षराभोवती पांढरी कड दिसू लागली की जास्त झालं.

एक फोटो मनासारखा झाला की त्याची हिस्टरी (केलेल्या बदलांची यादी) कॉपी करा आणि बाकी ६१ वर पेस्ट करा. तिरकेपणा तेवढा प्रत्येकाचा वेगळा, तो एकेक बघावा लागेल. एक संध्याकाळ जाईल. या सगळ्यात मूळ रॉ फाइल बदलत नाही. तुमच्या सूचना शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहिल्या जातात. म्हणून रॉ आणि एक्सएमपी दोन्ही दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. पीडीएफ हरवली तर पुन्हा होईल, रॉ हरवली तर तो कागद परत उलगडावा लागेल.

बाहेर काढताना जपून ठेवायच्या प्रती १६ बिट टिफमध्ये. एकेक १४४ एमबीची होते, ६२ च्या मिळून नऊ जीबी. छपाईसाठी जेपीईजी, क्वालिटी ९५, एसआरजीबी, पूर्ण आकारात.

आणि फूटपट्टीचा एक फायदा. फोटोत पट्टीचे १० सेंटिमीटर किती पिक्सेलमध्ये बसलेत ते मोजा. समजा १८०० आले. म्हणजे सेंटिमीटरला १८०, इंचाला ४५७. चित्राचं रिझोल्युशन ४५७ ठरवलंत की तो कागद पानावर मुळाच्याच मापाचा छापला जाईल. पणजोबांचं पत्र हातात धरल्यावर जेवढं, तेवढंच.

पिंपळपार

मूळच्या मापाचं हे मला सुचलंच नसतं. ४७ कागद ए-फोरमध्ये तसेच बसतात, मोजून पाहिले. बाकीचे लहान करावे लागतील, त्यांच्याखाली किती टक्के ते लिहीन.

पण सगळे जेपीईजी झाल्यावर पान कशात लावायचं? वर्डमध्येच लावू का?

जुळारी

वर्ड नको. मी कोल्हापुरात छपाईच्या धंद्यात चाळीस वर्षं काढली, शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली. वर्डमधून आलेल्या पीडीएफनं जितका माल वाया गेलेला पाहिला तितका कशानंच नाही. वर्ड पान धरून ठेवत नाही. दुसऱ्या संगणकावर उघडलं की ओळ खाली सरकते, फोटो पुढच्या पानावर जातो. छापायला पीडीएफ देतात ती याचसाठी, की जे जिथे ठेवलं ते तिथेच राहावं. पण आधी ते ठाम जागी ठेवणारं साधन पाहिजे. फुकटात स्क्रायबस आहे. १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, जुन्या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं फुटायची.

पान मांडायला बसण्याआधी प्रेसला तीन गोष्टी विचारा. कटिंगनंतरचा नेमका आकार किती, ब्लीड (कटिंगसाठी कडेबाहेर जादा सोडायची जागा) किती, बाइंडिंग कोणतं. ६० प्रतींना ऑफसेटच्या प्लेटा करणं परवडत नाही, तुमचं काम डिजिटल मशिनवर जाईल. बाइंडिंग परफेक्ट, म्हणजे पाठीला गोंद. हे पुस्तक पूर्ण उघडत नाही, पाठीकडचा भाग आत ओढला जातो. तुमच्या ओळींची सुरुवात कटिंगमध्ये गेली, इथेही समास कमी पडला तर तसंच होईल. पाठीकडे २० मिलिमीटर मोकळे सोडा, बाकी तिन्हीकडे १२ ते १५. फोटो पानाच्या कडेपर्यंत नेणार असाल तर ब्लीड ३ मिलिमीटर, म्हणजे पान २१६ गुणिले ३०३. तुमच्या पुस्तकात नेऊ नका असं माझं मत. त्या कागदांच्या कुरतडलेल्या कडा दिसल्या पाहिजेत. सभोवती पांढरं सोडा, कागद ठेवल्यासारखा दिसेल.

छापायचा कागद पांढरा मॅट आर्ट घ्या, १३० जीएसएम. नॅचरल शेड घेतलात तर पिवळ्यावर पिवळं होईल आणि पातळ मॅपलिथोवर मागचं पान पुढे दिसेल.

नायगारा_मराठी

छोटीशी भर. ताई, तुमचे कोणी अमेरिका-कॅनडात असतील तर त्यांना पीडीएफ पाठवताना सांगा की तिकडचा घरगुती प्रिंटरचा कागद लेटर असतो, २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. ए-फोरपेक्षा रुंद, पण आखूड. आम्ही टोरांटोत आजीची वही अशीच छापली आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ गेली. "फिट" निवडलं तर पूर्ण पान येतं, पण लहान होतं. मूळ माप हवं असेल तर "ॲक्चुअल साइज" आणि ए-फोर कागद, दुसरा मार्ग नाही.

पिंपळपार

दोन आठवडे गायब होते, पण काम झालं. ६२ फोटो तयार. डार्कटेबलमध्ये पहिला कागद मोठा करून पाहिला तेव्हा वरच्या "श्री"च्या वेलांटीत बोरूच्या टोकाच्या दोन रेघा वेगवेगळ्या दिसल्या. मी किती वेळ नुसती बघत बसले होते.

स्क्रायबसमध्ये पुस्तक लावलं. पहिली चार पानं नाव, अर्पण, वंशावळ, मनोगत. पाचव्यापासून कागद. एकूण १२८ पानं. नमुना छापून आणला. फोटो सुंदर आलेत. पण देवनागरीच्या अक्षरांना, विशेषतः बारीक तळटिपांना, लालसर-निळसर सावली आहे. आणि फोटोसमोर त्याचं लिप्यंतर येत नाहीये, पान उलटावं लागतं. हे कसं झालं?

जुळारी

दुसरं आधी. पुस्तकात विषम पान कायम उजवीकडे. तुम्ही कागद पाचव्या पानापासून सुरू केलेत, म्हणजे फोटो उजवीकडे पडला आणि लिप्यंतर त्याच्या पाठीवर, सहाव्या पानावर. सुरुवातीची पानं तीन करा. पहिला फोटो चौथ्या पानावर, लिप्यंतर पाचव्यावर, आणि शेवटचं लिप्यंतर १२७ वर. १२८ वं पान मोकळं उरेल, तिथे मनोगत घ्या. १२८ म्हणजे सोळाचे नेमके आठ फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा). डिजिटलला त्याचं बंधन नाही, पण उद्या ऑफसेटवर जायची वेळ आली तर बरं. पीडीएफ पाहताना दोन पानं समोरासमोर दाखवण्याची सोय असते, त्यात मुखपृष्ठ वेगळं दाखवण्याची खूण करा. नाहीतर जोड्या चुकीच्या दिसतात आणि फसायला होतं.

सावलीचं कारण असं की तुमचा काळा रंग आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीतला आहे. मशिननं तो निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारही शायांतून केला. चारही छाप एकमेकांवर केसभर चुकले की बारीक अक्षराला कडा सुटतात. मजकुराचा रंग नुसता काळा करा, काळा १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य. स्क्रायबसच्या रंगांत "ब्लॅक" म्हणून असतोच. फोटो चार रंगांत, अक्षरं एका रंगात.

पीडीएफ काढताना प्रेसला चालत असेल तर पीडीएफ/एक्स-४ हा छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार निवडा. फाँट सगळे आत बसले पाहिजेत. पीडीएफ उघडून तिच्या माहितीत फाँटची यादी बघा, प्रत्येक नावापुढे "एम्बेडेड" दिसायला हवं. एक जरी सुटला तरी प्रेसच्या संगणकावर तुमच्या रफाराचं आणि वेलांटीचं काय होईल सांगता येत नाही. चित्रं ३०० च्या खाली दाबू नका, फाइल मोठी झाली तर होऊ द्या, पेनड्राइव्हवर द्या.

फाँट कोणता वापरलात?

पिंपळपार

राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा. काका, अजून एक हौस आहे. पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव मोडीतसुद्धा छापायचं आहे.

मोडीवाचक

होईल. २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडी आली. गूगलचा नोटो सान्स मोडी फाँट फुकट मिळतो. मात्र तो छापील वळणाचा आहे, तुमच्या कागदांतली पळती लिपी त्यात नाही. त्यापेक्षा मी बोरूनं नाव लिहून देतो, त्याचाही फोटो काढा आणि बाकीच्यांसारखाच लावा.

तांबडा_दिवा

हे फार छान होईल. त्याच ओसरीवर, त्याच उजेडात काढा.

छापून आलेलं अजून गडद वाटतंय का? वाटत असेल तर फोटो लगेच उजळ करू नका, आधी स्क्रीनचा ब्राइटनेस बघा. लॅपटॉप पूर्ण उजेडावर ठेवून फोटो ठरवले की कागदावर ते हमखास काळवंडतात, कागदाला स्वतःचा उजेड नसतो.

पिंपळपार

हो, पूर्णच होता! अर्ध्यावर आणून पाहिलं तेव्हा सगळेच फोटो किंचित उजळ करावेसे वाटले. हिस्टरी पुन्हा एकदा पेस्ट केली, दहा मिनिटांचं काम.

पिंपळपार

शेवटचं प्रूफ आज हातात आलं. मघाशी घरची स्टीलची पट्टी प्रूफमधल्या पट्टीला लावून पाहिली, दहा सेंटिमीटरची खूण बरोबर खुणेवर पडली. अक्षरांची सावली गेली. आईला दाखवलं. तिला मोडी येत नाही, पण तिनं घडीच्या खुणेवरून बोट फिरवलं आणि कागद खरंच दुमडलाय का म्हणून पान मागे उलटून पाहिलं.

सर, लग्नाची मोठी यादी तुम्हाला पूर्ण आकारात पाठवली आहे. ती पाहून हो म्हणालात की छपाईला देते.

मोडीवाचक

पाहिली. सातव्या ओळीत गुळाच्या रकमेपुढे मी दोन रेघा वाचल्या होत्या. तीन आहेत. तिसरी फिकट आहे, कागदाच्या डागात गेलेली, पण आहे. साडेतीन नव्हे, पावणेचार. आता बेरीज जुळते, लिहिणाराचा हिशोब पैशापर्यंत बरोबर होता. पान ४१ वरची माझी तळटीप काढा आणि द्या छपाईला.